देणगी दे, पण जिना बघून

कुंभकोणम, 18 जुलै

चि. सौ. स्नेहल हिस,


तुझा निरोप मिळाला. फोनवर बोलू म्हणालीस, पण फोन लावला की ओवी तुझ्या हातातून तो ओढून घेते, मग तिच्या मांजराची चौकशी करण्यातच वेळ जातो आणि मूळ गोष्ट राहते. शिवाय आता आडी महिना लागला. आडीत इकडे लग्नं धरत नाहीत. लग्नं नाहीत म्हणून सराफांकडे गर्दी नाही, आणि तिकडे गर्दी नाही म्हणून आमच्या भट्टीलाही विसावा. तेव्हा सवडीनं लिहितो, तूही सवडीनं वाच. जावईबापूंना वाचायला दे. त्यांचं मत तुझ्याहून वेगळं आहे हे तू लपवलं नाहीस, ते बरं केलंस.

इकडे सगळं ठीक. मेट्टूरचं पाणी सुटलंय, कावेरी भरून वाहतेय, घाटावर सकाळी गर्दी असते. काकीचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, तरी ती पायऱ्या उतरून नदीवर जायची काही थांबत नाही. धाकट्यानं दुकानात सोन्याचा टंच बघायचं मशीन घेतलंय. मिनिटभरात आकडा दाखवतं. मी आपला अजून कसोटीच्या दगडावर एकदा घासून बघतोच. तो हसतो, हसू दे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ओवीची शाळा नवीन सभागृह बांधतेय, पालकांनी 'स्वेच्छेनं' हातभार लावावा असं पत्र आलंय, आणि कुणी किती दिले त्याची यादी पालकांच्या ग्रुपवर रोज फिरतेय. जावईबापू म्हणतात, एवढी फी भरतो, वर हे कशाला? तू म्हणतेस, सगळे देतायत, आपण नाही दिले तर ओवीकडे कुणी वेगळ्या नजरेनं बघेल का? आणि मला विचारतेस, तात्या, किती द्यावेत?

किती ते तुमच्या घरचं बघून तुम्ही ठरवा. द्यावेत की नाही, एवढंच मी सांगू शकतो. द्यावेत. पण तू जे कारण लिहिलंयस त्या कारणासाठी नकोत. आणि बघितल्याशिवाय नकोत.

तुला आपल्या खानापूर तालुक्याकडची गोष्ट ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, म्हातारी माणसं सांगतातच. आपल्या भागात पाऊस कधी पोटभर पडला नाही. शेतीवर भागेना म्हणून विटा-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायची कला हाती घेऊन देशभर पांगली. मी 1972 च्या दुष्काळानंतर चुलत्यांच्या मागं इकडे आलो. आज तामिळनाडूतल्या कुठल्याही मोठ्या गावात सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत जा, आपला गलाईवाला भेटतोच आणि चहा विचारतोच. ही सगळी माणसं गावाकडून बाहेर पडली, पण गावचं देऊळ आणि गावची शाळा यांची वर्गणी कुणी चुकवली नाही. जत्रेला गेलं की हेडमास्तर भेटायचे, वहीत नाव लिहायचे, पावती द्यायचे. कुणी एका खोलीचे पत्रे दिले, कुणी बाकं दिली, कुणी नुसती पाण्याची टाकी दिली. टाकीवाल्याची टिंगल व्हायची, पण उन्हाळ्यात सगळी पोरं त्या टाकीपाशीच.

त्याच्याही आधीची गोष्ट कर्मवीर अण्णांची. भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली ती साताऱ्याला नेली. सरकारी पैसा मागून आला, आधी आली लोकांची मूठ. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. घरातल्या बाईनं दळण-कांडण करताना मूठभर धान्य बाजूला टाकायचं आणि ते बोर्डिंगच्या पोरांसाठी जायचं. ज्या घरात स्वतःची पोरं शाळेत जात नव्हती त्या घरातूनही मूठ निघायची. मला या गोष्टीचं नवल अजून वाटतं. आपल्या लेकराला काही मिळणार म्हणून नव्हे, कुणाचं तरी लेकरू जेवेल म्हणून.

आणि लक्ष्मीबाई. अण्णांच्या पत्नी. बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची, त्या पोरांसाठी त्यांनी माहेरचे-सासरचे दागिने एकेक करून काढून दिले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडच्या शाळांतून ही गोष्ट भाषणात सांगतात, टाळ्या पडतात, पोरं घरी जातात. पण सोन्याच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ती वेगळी लागते गं. दुकानात बाई मंगळसूत्र मोडायला येते तेव्हा मी बघत आलोय. बांगड्या काढून देताना ती भाव विचारते, घासाघीस करते, वजनाचा काटा दोनदा बघायला लावते. मंगळसूत्राला भाव विचारत नाही. ते काट्यावर ठेवताना दुसरीकडे बघते. मुशीत पडलं की बांगडी काय, वाटी काय, सगळं एकच पिवळं पाणी, पण देणाऱ्या बाईला ते एक नसतं. लक्ष्मीबाई 1930 साली गेल्या. त्यांच्या हयातीत संस्थेची मोठी हायस्कुलं नव्हती, कॉलेज नव्हतं, आज दिसतो तो पसारा त्यांनी बघितला नाही. बोर्डिंगची पोरं जेवलेली तेवढी बघितली.

अण्णांचीच आणखी एक गोष्ट सांगतात. साताऱ्याच्या कॉलेजला शिवाजी महाराजांचं नाव होतं. एका धनवानानं मोठी रक्कम देऊ केली, अट अशी की नाव बदलायचं. अण्णांनी ती रक्कम घेतली नाही. तू म्हणशील, तात्या, आमच्याकडे तर शाळाच पैसे मागतेय, अट घालायला आम्ही कोण? तेच म्हणतोय मी. देणाऱ्यानं अट घालू नये. पण प्रश्न विचारावेत, आणि अट नि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथल्या गावाचं सांगतो. कुंभकोणमला तू लहानपणी आली होतीस, तुला फक्त महामहमचं तळं आणि पितळी डबऱ्यातली कॉफी आठवत असेल. सारंगपाणीच्या देवळासमोर जी गल्ली आहे, तिथे रामानुजनचं घर आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन. वडील साडीच्या दुकानात कारकून, घर एवढंसं, आई परगावची शिकणारी मुलं जेवायला-राहायला ठेवून चार पैसे जोडायची. हा पोरगा इथल्या टाऊन हायस्कूलमध्ये शिकला. 1904 साली शाळा सोडताना त्याला गणिताचं एक बक्षीस मिळालं, के. रंगनाथ राव यांच्या नावाचं. रामानुजनवर जगभरात एवढी पुस्तकं निघाली, त्यांत या बक्षिसाचं नाव येतंच. एका गावच्या शाळेतलं एका विषयाचं बक्षीस! ते कुणाला मिळेल हे ते नाव लावताना कुणाला ठाऊक असणार?

पुढे कॉलेजात त्याची शिष्यवृत्ती गेली, कारण गणित सोडून बाकीच्या विषयांत तो नापास. मग हलाखी. तेव्हा नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी त्याला महिना 25 रुपये द्यायला सुरुवात केली, काही काम न करता, नुसतं गणित करावं म्हणून. रामानुजनला ते फार दिवस रुचलं नाही. कुणावर भार होऊन राहणं नको वाटायला लागलं आणि 1912 साली तो मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपयांवर कारकून झाला. देणारा चांगला होता, तरी घेणाऱ्याला संकोच झाला. म्हणून सांगतो, शाळेत देणगी देताना घेणाऱ्या पोराचं तोंड लोकांना दिसणार नाही अशा बेतानं द्यावी. तुमच्या शाळेतल्या त्या यादीवर मी पुढे येणारच आहे.

हे गाव आपल्यालाही परकं नाही बरं का. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी यांचं राज्य इकडे तंजावरला होतं, त्यात हा सगळा मुलूख. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव इथेच कुंभकोणमला 1828 साली जन्मले, तंजावरी मराठी घरात. आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडला मुक्तांबाबाईंच्या नावानं छत्र बांधलं, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण तर होतंच, शिवाय पोरांना शिकवायची सोयही होती. अन्न आणि अक्षर एकाच छपराखाली. काकीला ही गोष्ट भारी आवडते, माहेरची माणसं आली की त्यांना ती तिकडे घेऊन जाते.

पण या गावाची दुसरी गोष्टही तुला सांगायला हवी, आणि खरं म्हणजे त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो. परवा 16 तारीख झाली.

16 जुलै 2004. आडीतला पहिला शुक्रवार. काशिरामन रस्त्यावर एक खासगी शाळा होती. एकाच इमारतीत वेगवेगळ्या नावांनी वर्ग भरायचे, थोड्या जागेत शेकडो पोरं. वरच्या मजल्यावर झावळ्यांचं छप्पर. दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक शाळेतच व्हायचा. सकाळी अकराच्या सुमारास तिथून आग लागली आणि छपरानं पेट घेतला. बांबू आणि जळत्या झावळ्या पोरांवर पडल्या. खाली उतरायला चिंचोळा जिना. 94 पोरं गेली, बहुतेक प्राथमिकची. तुझ्या ओवीहून थोडी मोठी.

मी तेव्हा इथेच होतो. त्या दिवसाचं फार लिहीत नाही. भट्टीपाशी बसणारा माणूस आगीला घाबरत नाही असं लोकांना वाटतं. आम्हाला आग कळते, म्हणून तर आम्ही भट्टी मोकळ्या जागी लावतो, डोक्यावर पत्रा ठेवतो, तेजाबाची बाटली लांब ठेवतो आणि दार कधी आतून लावत नाही. सोन्याच्या कामाला एवढी खबरदारी.

पुढे चौकशी आयोग बसला, खटला चालला. दहा वर्षांनी, 30 जुलै 2014 ला तंजावरच्या न्यायालयानं निकाल दिला, दहा जण दोषी, अकरा सुटले. पुढे उच्च न्यायालयात शिक्षा कमी झाल्या. सरकारनं राज्यातल्या शाळांची झावळ्यांची छपरं काढायला लावली. याच आगीवरून एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 2009 साली न्यायालयानं सांगितलं, शाळा सुरक्षित असणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, आग विझवायची साधनं शाळेत पाहिजेतच. गावात पोरांचं स्मारक आहे. दरवर्षी 16 जुलैला आईबाप त्या रस्त्यावर फोटो लावतात, मेणबत्त्या लावतात. त्यातले काही आता माझ्यासारखे म्हातारे झालेत.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही, बाळ. एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही ती सांगायची आहे. दुपारचं जेवण ही किती चांगली गोष्ट! कामराज मुख्यमंत्री असताना 1956 साली या राज्यात शाळेत जेवण सुरू झालं, तेव्हा गावोगावच्या लोकांनी त्यात आपला वाटा घातला होता. आपला मुष्टिफंडच म्हण की. आणि तीच चूल चुकीच्या जागी पेटली. चांगलं काम चाललंय म्हणून कुणी जागा बघितली नाही.

त्या आईबापांना दोष देऊ नकोस हं. इथे काही लोक देतात, मला राग येतो. मोलमजुरी करणारी माणसं ती. शाळेनं आपलं पोर घेतलं, यातच त्यांना शाळेचे उपकार वाटायचे. वर जाऊन जिना किती रुंद, छपराला काय लावलंय, दाराची कडी कुठे, हे त्यांनी कुणाला विचारायचं आणि कुणी त्यांना उत्तर दिलं असतं? गरीब माणूस शाळेच्या ऑफिसात चप्पल बाहेर काढून उभा राहतो. तुला खुर्ची देतात, पाणी विचारतात, सर म्हणतात 'या ना मॅडम'. तू देणगीदार झालीस तर चहासुद्धा देतील. मग जो प्रश्न त्यांना विचारता आला नाही तो तू विचारायचास. देणगीचा माझ्या मते खरा उपयोग तोच आहे. पैशानं भिंत उभी राहील, पण ती भिंत कुठे नि कशी हे विचारायचं तोंड ज्याला आहे त्यानं गप्प बसून पाकीट देऊन यायचं, हे मला पटत नाही.

आता तुमच्याच शाळेत बघ. कायद्यानं खासगी शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल घटकातल्या पोरांना द्याव्या लागतात. म्हणजे ओवीच्या बाकावर शेजारी बसणारी एखादी पोर त्याच मार्गानं आलेली असेल. तिच्या आईला ग्रुपवरची ती यादी रोज दिसत असेल. तिनं काय करावं? उसने आणावेत? की रोज मान खाली घालून पोरीला सोडायला यावं? यादी बंद करा, हे सांगायचं काम तुझं. तू आधी दे, आणि मग सांग की आमचं नाव त्यात नको आणि कुणाचंच नको. न देता सांगितलंस तर म्हणतील, पैसे द्यायचे नाहीत म्हणून बोलते. लोक असेच असतात, त्याला इलाज नाही.

पैसे देण्याआधी शाळेत जा. जावईबापूंना घेऊन जा, त्यांना हिशेबाची नजर आहे. सभागृहाचा नकाशा मागा. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर उतरायला जिने किती, दोन टोकांना आहेत की एकाच, दार बाहेर उघडतं की आत, हे बघा. शाळा सुटायच्या वेळी उभे राहा म्हणजे कळेल, एवढी पोरं किती वेळात बाहेर पडतात. स्वयंपाक किंवा कँटीन असेल तर गॅसच्या टाक्या कुठे ठेवल्यात? आग विझवायची लाल नळकांडी भिंतीवर टांगलेली असतात, त्यांच्यावरची तारीख वाच आणि ती कुणाला चालवता येतात ते शिपायालाच विचार. मुख्याध्यापकांना विचारलंस तर ते हो म्हणतील, शिपाई खरं सांगेल. खिडक्यांना कायमची जाळी ठोकलीय का तेही बघ.

आम्ही टंच काढल्याशिवाय कुणाचं सोनं घेत नाही, भावाचं असलं तरी. त्यात भावाचा अपमान नसतो. शाळेनंही तसा अपमान मानू नये. मानला, तर तेवढ्यावरून तुला शाळा कळली.

आणि पाहणीत असं दिसलं की सभागृहापेक्षा दुसऱ्या जिन्याची गरज जास्त आहे, तर तुझे पैसे जिन्याला दे. सभागृहात नावाची पाटी लागते, जिन्याला लावत नाहीत, म्हणून जिन्याला देणारा मिळत नाही. शाळांच्या बाबतीत हे मी गावाकडेही बघितलंय. कमानीला पैसे पटकन जमतात, संडासाला जमत नाहीत. पोरींच्या संडासाला दार नव्हतं तेव्हा आपल्या गावच्या कमानीवर रंगाचा दुसरा हात चालला होता. तेव्हा दार आपल्या गलाईवाल्यांनीच बसवून दिलं, पण वर्गणी गोळा करणाऱ्यांना ते काही फारसं आवडलं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव. देणगी आणि प्रवेश यांची सांगड कुणी घालायला लागलं, तोंडी जरी, तर एक पैसा देऊ नकोस. पुढच्या वर्षी तुझ्या जावेच्या पोराला तिथेच घालायचंय ना, त्या वेळी हे नक्की निघेल. महाराष्ट्रात 1987 सालापासून याविरुद्ध कायदा आहे, इकडे तामिळनाडूत 1992 पासून. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तर असं शुल्क घेणाऱ्या शाळेला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदे आहेत आणि तरी लोक रोख पाकीट घेऊन जातात, कारण त्यांना वाटतं आपलं काम तर होतंय. एकानं दिलं की दुसऱ्याला द्यावंच लागतं. आणि तिसरा, ज्याच्याकडे नाही, त्याचं पोर बाहेर राहतं. त्या पैशाला देणगी म्हणू नये.

पैसे चेकनं किंवा बँकेतून दे, रोखीत नको. प्राप्तिकराची सवलत रोख 2000 रुपयांच्या वर मिळत नाही, हे जावईबापूंना ठाऊक असेलच. पावती संस्थेच्या नावाची हवी, नोंदणी क्रमांक छापलेला हवा. पावती द्यायला 'उद्या या' म्हणाले तर पैसेही उद्याच द्यायचे. आणि वर्षभरानं जाऊन विचारायचं, काय झालं? खोचकपणे नाही, घरातल्यासारखं विचार. आपल्या गावचे जुने हेडमास्तर जत्रेला आम्हाला वहीच दाखवायचे, खिळे किती आणले इथपर्यंत लिहिलेलं असायचं. त्यांना कुणी मागितली नव्हती वही. ते गेल्यावर मागावी लागायला लागली.

ओवीकडे कुणी वेगळ्या नजरेनं बघेल, ही तुझी धास्ती मला कळते. आई आहेस. पण बघ, पैसे दिल्यामुळे जर शाळा तुझ्या पोरीला जास्त जपणार असेल, तर न देणाऱ्याच्या पोरीला कमी जपणार, हे ओघानंच आलं. मग अशा ठिकाणी तुझी पोर तरी किती सुरक्षित? आणि ओवीला हे सांगू नकोस की आपण शाळेला पैसे दिले. चार वर्षांची पोर आहे, वर्गात जाऊन सांगेल. तुझ्या आजीनं शाळेला किती जोंधळे घातले ते मला ती गेल्यावर, तिची जुनी माणसं भेटायला आली तेव्हा कळलं. तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

गावच्या हायस्कुलाचा निरोप तुलाही आला असेल. माजी विद्यार्थ्यांकडून पैसे गोळा करून दोन वर्गखोल्या दुरुस्त करायच्या आहेत. पुण्याच्या शाळेला दिल्यावर तिकडचा हात आखडू नकोस एवढंच म्हणतो. तुमच्या शाळेत देणारी शंभर घरं आहेत, तिकडे बहुतेक घरांत आता म्हातारीच माणसं राहिली, पोरं सगळी आपल्यासारखी बाहेर. तिथे तुझ्या शंभर रुपयांचं काम जास्त होईल. वाटलं तर सभागृहाचा आकडा थोडा कमी कर. मी माझे पाठवलेत, दिवाळीला आलो की खोल्या बघणार आहे, तूही ये.

काकी म्हणते, पत्रात नुसता उपदेशच लिहिलाय, पोरीची चौकशी कुठे? तर तुझी मान दुखत होती ती थांबली का? कॉम्प्युटरपुढे फार वेळ बसू नकोस. काकीनं तुझ्यासाठी आप्पळं आणि सुकवलेल्या मिरच्या बांधून ठेवल्यात, विट्याला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवू, तिथून तुला मिळतील. इथली पानं पाठवता आली असती तर पाठवली असती, कुंभकोणमच्या विड्याच्या पानाची सर कशाला नाही, पण ती वाटेतच कोमेजतात. 2028 साली महामहम आहे, बारा वर्षांनी येतो. तेव्हा तुम्ही तिघंही या. गर्दी फार असते, म्हणून आठवडाभर आधी या म्हणजे ओवीला गाव नीट बघता येईल. रामानुजनचं घर दाखवू तिला. आगीत गेलेल्या पोरांचं ते स्मारकही दाखवीन, पण ती थोडी मोठी झाल्यावर.

जावईबापूंना नमस्कार. 'एवढी फी भरतो' हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांना सांग. फी भरणाऱ्यालाही विचारायचा हक्क आहेच, तो त्यांनी आजवर वापरला का, एवढं मात्र त्यांना विचार.

येत्या शनिवारी शाळेत जाऊन ये. जिने मोजून ये, दारं बघून ये, शिपायाशी बोलून ये आणि मग मला फोन कर. आकडा त्यानंतर ठरवू.

तुझा,
तात्या